कोटणिसांची कागदपत्रे

नोकरीच्या निमित्ताने काही काळ माझे वास्तव्य जबलपूर जिल्ह्यातील पाटन ह्या तहसिलीच्या गावी होते. हा मुलूख हवेलीचा. पावसाळाभर उंच बांधांच्या शेतांत पाणी साठवून ठेवायचे आणि आश्विनाच्या सुमारास बांध फोडून, पाणी ओसरले की ओल्या काळ्या जमिनीत गहू-हरभरा पेरायचा, अशी इथली जुनी रीत आहे. अशाच बांध फोडण्याच्या दिवसांत, १० ऑक्टोबरला, तेथील एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला डॉक्टर कोटणिसांच्या जन्मदिनी मुलांपुढे चार शब्द बोलण्यास बोलावले. मी मराठी, आणि कोटणीसही मराठी. तेव्हा ह्या विषयाचा अधिकार माझ्याकडे आपोआपच येतो, असा त्यांचा समज असावा.

मी बोललो. चीनवर जपानचे आक्रमण, काँग्रेसने धाडलेले वैद्यकीय पथक, रणांगणावरील शस्त्रक्रिया, बत्तिसाव्या वर्षी आलेला मृत्यू. मुले शांतपणे ऐकत होती. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर सातवीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, वे घर चिट्ठी लिखते थे क्या?”

“लिखते थे,” एवढेच उत्तर मला देता आले. परंतु त्या प्रश्नाने माझ्या भाषणातील उणीव उघडी पाडली. मी त्यांना जे सांगितले ते बहुतेक चित्रपटातले होते. माझा सारा जन्म कागदपत्रांत गेलेला. एखाद्या शेतकऱ्याचा चार गुंठ्यांचा वाद समोर आला तरी आधी कागद मागायचा, ही आमची शिस्त. आणि इथे एका माणसाचे अवघे आयुष्य मी ऐकीव गोष्टींवर सांगून मोकळा झालो होतो. त्यानंतर मी कोटणिसांविषयीचे कागद जसे मिळतील तसे वाचीत गेलो. त्या वाचनाची ही हकीकत आहे.

पहिला कागद कोटणिसांचा नाहीच. तो आहे आठव्या मार्ग-सेनेचे सेनापती चू तेह यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये पंडित नेहरूंना लिहिलेल्या पत्राचा. जपानने त्या वर्षीच्या जुलैत चीनवर सर्वंकष युद्ध लादले होते. चू तेहंच्या सैन्याजवळ बंदुका थोड्या आणि डॉक्टर त्याहून थोडे. औषधे, शस्त्रक्रियेची उपकरणे आणि ती वापरणारे हात ह्यांची मागणी त्या पत्रात आहे. ॲग्नेस स्मेडली ह्या अमेरिकन पत्रकार बाई त्या वेळी त्या सैन्याबरोबर होत्या आणि ह्या मागणीमागे त्यांचा आग्रह होता. नेहरूंनी आपल्या जुन्या पत्रांचा संग्रह १९५८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हे पत्र कोणालाही वाचता येते.

मागणी करणारे परके, आणि देणारे स्वतःच पारतंत्र्यात. तरीही देण्याचा निश्चय झाला. हरिपुऱ्याच्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जून १९३८ मध्ये आवाहन केले, जुलैत देशभर ‘चीन दिन’ पाळून वर्गणी गोळा झाली आणि सुमारे बावीस हजार रुपये व एक रुग्णवाहिका एवढी सामग्री उभी राहिली. आज बावीस हजारांची रक्कम ऐकून हसू येईल. पण ज्या देशाला स्वतःच्या खजिन्याची किल्ली हाती नव्हती, त्याने दुसऱ्या देशाच्या जखमा बांधण्यासाठी ही रक्कम आण्या-रुपयांनी जमविली, हे ध्यानात घ्यावे.

पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे प्रमुख. ते नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने सर्वांत वडील. कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, वय सत्तावीस, मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर, पुढील परीक्षेच्या तयारीत असलेले. पाचवे निवडले गेले होते कलकत्त्याचे डॉ. रणेन सेन, परंतु त्यांच्या राजकीय मतांमुळे सरकारने त्यांना पारपत्र नाकारले आणि त्यांच्या जागी डॉ. विजयकुमार बसू आले.

हे नाकारलेले पारपत्र मी मुद्दाम सांगत आहे, कारण त्याचा परिणाम नाकारणाऱ्या अधिकाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल. बसू रोजनिशी लिहीत. पाचांपैकी सर्वांत अधिक काळ, १९४३ पर्यंत, चीनमध्ये राहून परतलेले तेच. पथकाची जी तारीखवार, गावागणिक हकीकत आज आपल्या हाती आहे, ती मुख्यतः त्यांच्या रोजनिशीतून आलेली आहे. १९८६ मध्ये ती ग्रंथरूपाने इंग्रजीत निघाली. एका कारकुनी नकाराने इतिहासाला त्याचा लेखक मिळवून दिला. आमच्या खात्याकडून इतिहासाची सेवा बहुधा अशीच, नकळत, घडत असते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ नावाच्या बोटीने हे पाच जण मुंबईहून निघाले. कँटनला डॉ. सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. तेथून हँकाव, आणि पुढे यांगत्से नदीने वर चुंगकिंग. ही वाट म्हणजे माघारीची वाट होती; ऑक्टोबर १९३८ मध्ये कँटन आणि हँकाव दोन्ही शहरे जपान्यांनी घेतली. पथकाच्या मागोमाग युद्ध येत होते. चुंगकिंगला शांतिनिकेतनच्या चीन-भवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर घातले. त्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले ‘को दिहुआ’. पुढे ज्या कागदांवर त्यांची सही आहे, त्यांवर हेच नाव आहे.

ह्या मुक्कामी त्यांना आणखी एक कागद मिळाला. सोलापूरला वडील वारल्याची बातमी आली. मुलाने परदेशी युद्धात जावे ही गोष्ट आईला जड गेली होती. वडिलांनी मात्र त्याला बळ दिले होते, असे घरच्या मंडळींनी पुढे सांगितले आहे. आता तेच नव्हते. घरी परत जाण्यास त्या वेळी कोणी दोष दिला नसता; सोबत्यांनी तसे सुचविलेही. कोटणीस गेले नाहीत. ह्या निर्णयाभोवती पुष्कळ वीररसात्मक लिहिले गेले आहे. माझ्यासारख्या घरसंसारी माणसाला त्यात वीररसापेक्षा दुःखच अधिक दिसते. सोलापूरचे ते घर, मागे राहिलेली आई, भावंडे, आणि महिनोन्महिने वाटेत अडकणारी टपाले. घरी लिहिलेल्या पत्रांचा माणूस वेगळा आणि पुतळ्याचा माणूस वेगळा, हे त्या मुलीच्या प्रश्नाने मला प्रथम उमगले.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले. डोंगराच्या पिवळ्या मातीत खोदलेल्या गुहांत तेथे सैन्याची राजधानी, शाळा, रुग्णालये, सारे वसलेले होते. त्यानंतर महिन्याभरातच, मार्च १९३९ मध्ये, काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले ते त्रिपुरीला. पाटनहून जबलपूरला गेले की त्रिपुरी अगदी टप्प्यात. कलचुरी राजांची ती जुनी राजधानी. आज तिला तेवर म्हणतात. बावन्न हत्तींची मिरवणूक, नर्मदाकाठी उभारलेले नगर आणि अंगात कडक ताप असल्यामुळे उचलून आणावे लागलेले अध्यक्ष सुभाषबाबू, ह्या गोष्टी ह्या परिसरात पुढे दोन पिढ्या सांगितल्या जात होत्या. तेथे काय घडले हे सर्वविदित आहे: पंतांचा ठराव, गांधी-सुभाष यांच्यातील दुरावा, आणि एप्रिलात सुभाषबाबूंचा राजीनामा. इतिहासात त्रिपुरी हे नाव कलहाचे म्हणून राहिले. परंतु त्याच महिन्यात, त्याच काँग्रेसने, त्याच अध्यक्षाच्या शब्दावरून धाडलेले पाच जण हजारो मैलांवरच्या गुहांत जखमा धूत होते. एकाच संस्थेची ही दोन कामे एकाच महिन्यातील आहेत. पहिल्यावर शेकडो पाने लिहिली गेली. दुसऱ्याला पाठ्यपुस्तकात एक ओळ मिळाली तरी खूप.

२४ मे १९३९ चे माओ त्से-तुंग यांचे नेहरूंना आलेले पत्र त्याच संग्रहात आहे. डॉक्टर कामाला लागले आहेत आणि सैन्याने त्यांचे मनापासून स्वागत केले आहे, अशा आशयाचे ते आभाराचे पत्र. त्या वर्षीच्या ऑगस्टात नेहरू स्वतः चुंगकिंगला गेले. पण युरोपात महायुद्ध पेटले आणि त्यांना तडक परतावे लागले.

ह्याच वर्षात पथक विरळ होऊ लागले. प्रथम चोळकर आणि मुखर्जी मायदेशी परतले, १९४० मध्ये अटलही प्रकृतीमुळे परतले. इथे मला नागपूरच्या डॉ. चोळकरांविषयी थोडे बोलू द्या. आमचा जबलपूर जिल्हा आणि नागपूर ही त्या काळी एकाच मध्यप्रांताची अंगे. नागपूर राजधानीच होती. पन्नाशी उलटलेला, काँग्रेसच्या चळवळीत मुरलेला हा डॉक्टर, ज्या वयात लोक काशीयात्रेचा विचार करतात त्या वयात चीनच्या युद्धात गेला. बाँबहल्ल्यांतून, बोटींतून, उघड्या मोटारींतून येनानपर्यंत पोचला. सत्ताविशीतील तरुणाने असे करणे थोर खरे. पण तारुण्याला ते शोभून दिसते. उतारवयात ते करणाऱ्याचे नाव मात्र यादीत एकदा येते आणि पुढच्या ओळीत नाहीसे होते. परत येणाऱ्याचे चरित्र लिहिण्याची आपल्याकडे चाल नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये ह्या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याचे नावच परत न आलेल्या एकावर बेतलेले आहे. त्यात लेखकाचा दोष नाही. लोकांची दृष्टीच तशी असते.

नोव्हेंबर १९३९ मध्ये अटल, बसू आणि कोटणीस येनान सोडून जपानी फळीच्या मागील प्रदेशाकडे निघाले. त्याच महिन्यात, १२ नोव्हेंबरला, तिकडे कॅनेडियन शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांचा शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन मृत्यू झाला. १९४० च्या उन्हाळ्यात बसू आणि कोटणीस तेथे पोचले तेव्हा जागा रिकामी होती. त्याच वर्षीच्या ‘शंभर पलटणीं’च्या मोहिमेत कोटणिसांच्या तुकडीकडे तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी आले आणि त्यांतील ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, असे चिनी नोंदी सांगतात. म्हणजे रोज चाळीसहून अधिक. भूल देण्याचे औषध अपुरे, शस्त्रक्रियेचे मेज म्हणजे एखाद्या शेतकऱ्याच्या घराचे दार, आणि शत्रू जवळ आला की सगळे रुग्णालय खेचरांवर नि माणसांच्या खांद्यांवर लादून पुढच्या गावी. हे एकदा डोळ्यांपुढे आणले म्हणजे आकड्यांना अर्थ येतो.

त्यानंतर बसू येनानला परतले आणि कोटणीस मागे राहिले. इथे बसूंच्या रोजनिशीची हद्द संपते. जिथे कोटणिसांचे सर्वांत मोठे काम झाले, ती शेवटची दोन वर्षे बसूंनी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. तेव्हा वाचकाला दुसरे साक्षीदार शोधावे लागतात. त्यांत मुख्य साक्ष आहे को चिंगलान यांची. त्या परिचारिकांना शिकविणाऱ्या शिक्षिका होत्या. नोव्हेंबर १९४१ मध्ये कोटणिसांशी त्यांचा विवाह झाला, आणि पुढे त्यांनी आपल्या सहजीवनाच्या आठवणी लिहिल्या.

जानेवारी १९४१ मध्ये होपेई प्रांताच्या थांग जिल्ह्यात बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणिसांची नेमणूक झाली. रुग्णालयाला लागून वैद्यकीय विद्यालय होते. माझ्या मते कोटणिसांच्या जीवनाचा खरा मध्य इथे आहे. शस्त्रक्रिया इतरही करीत होते. पण समोर बसलेली मुले शेतकऱ्यांच्या घरची, पुष्कळांना अक्षरओळखही नवी. छापील ग्रंथ जवळजवळ नाहीत. शिकविणारा सोलापूरचा, ज्याने चिनी भाषा दोन वर्षांपूर्वी मुळाक्षरापासून गिरवायला घेतलेली. त्या भाषेत तो शल्यशास्त्र शिकवतो. शिकवता शिकवता पुस्तक लिहितो. शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवरील पहिला भाग त्यांनी चिनी भाषेत पुरा केला, आणि विशेष शस्त्रक्रियांवरील दुसरा हाती घेतला.

ज्यांनी प्रौढ वयात परकी भाषा शिकली आहे त्यांना ह्यातील कष्ट कळतील. मी स्वतः हिंदी मुलखात इतकी वर्षे काढूनही एखादा निकाल हिंदीत लिहिताना लिंगभेदाला अडखळतो. कोटणीस अशा लिपीत लिहीत होते जिच्यात हजारो चिन्हे आहेत, आणि तेही दिव्याच्या उजेडात, दिवसभराच्या शस्त्रक्रियांनंतर.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रुंग-चेन यांनी त्याचे नाव ‘यिन्हुआ’ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षीच्या जुलैत कोटणीस तेथील साम्यवादी पक्षाचे सभासद झाले होते. ही गोष्ट आपल्याकडील काही चरित्रकार हळूच वगळतात आणि काही नको तेवढी वाढवतात. ती जशी आहे तशी नोंदवावी. माणसाने आपल्या भोवतीच्या लोकांत मिसळून जाण्याचा तो एक भाग होता. परंतु तो येनानला निघाला तो पक्षासाठी नव्हे, जखमींसाठी, हेही तेवढेच खरे.

त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांतीचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे त्यांचा अंत झाला.

पुढचे सर्व आपणांस माहीत आहे. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला, स्वतःच कोटणीस झाले, आणि ‘अमर कहानी’ घरोघर गेली. १९६२ साली सीमेवर युद्ध झाले आणि पुष्कळ वर्षे हे नाव उच्चारताना दोन्ही देशांत माणसे अवघडत. यिन्हुआ वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये, पंचविशी गाठण्यापूर्वी, वारला. को चिंगलान अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटून गेल्या. २०१२ मध्ये त्या निवर्तल्या. त्याच वर्षी सोलापुरातील राहत्या घराचे स्मारक झाले. चीनने १९८२ मध्ये कोटणिसांची टपाल तिकिटे काढली आणि भारताने १९९३ मध्ये. ज्याची पत्रे युद्धाने वाटेत अडवली, त्याच्या चित्राची तिकिटे दोन्ही देशांच्या टपालाने वाहिली. समाधी शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे.

पाटनहून माझी बदली झाली त्याआधी मी त्या शाळेत पुन्हा गेलो. मुलगी आता नववीत होती आणि आपला प्रश्न ती साफ विसरली होती. तो तिला आठवून द्यावा लागला. मी तिला सांगितले की ते घरी पत्रे लिहीत, पण पोचायला फार दिवस लागत. आणि शेवटच्या वर्षात ते ज्यावर अधिक वेळ देत होते ते पत्र नव्हते, पुस्तक होते. ते आपल्या भाषेत नव्हते, घरच्या कोणाला वाचता येण्यासारखे नव्हते. ज्यांना ते शिकवीत त्या मुलांसाठी होते. तिने थोडा विचार केला आणि विचारले, “पूरा हुआ?”

मी म्हटले, पहिला भाग पुरा झाला. दुसरा अर्ध्यावर राहिला.